पैसा आला, पण पोहोचला का?

(माकणी येथे परिसरातील पारधी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या नावावर सरकारचा पैसा येतो. घरासाठी शबरी घरकुल योजना आहे. वस्तीतला रस्ता, नाली, दिवे यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे. तरी अनेक वस्त्यांवर पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतोच. म्हणून किती पैसा मंजूर झाला, एवढंच विचारून भागत नाही. त्यातून काम किती झालं आणि ते कोणी पाहिलं, हेही विचारायला हवं.

तपासणी उशिरा झाली की काय होतं? आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातल्या योजनांची चौकशी न्यायमूर्ती गायकवाड समितीने केली. गैरव्यवहार उघड झाले, पण अहवाल यायला २०१७ साल उजाडलं. ज्या मुलाच्या वाट्याचं गेलं, तो तोवर बाप झाला होता. चौकशी हवीच, पण तिने गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

काम चालू असतानाच पाहायचं, ही रीत आपल्याच भागाला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जवळचं सास्तूर उद्ध्वस्त झालं. ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही, तिथे घरदुरुस्तीचा पैसा घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने आला. एक टप्पा तपासून झाला की पुढचा हप्ता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यांनी घराघरांत जाऊन योजना समजावली, बांधकामावर लक्ष ठेवलं. त्यातल्या कित्येक जणी पूर्वी सरकारी कचेरीची पायरीही चढल्या नव्हत्या.

आज आपल्या हातात त्याहून जास्त आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद तर मागता येतातच. शिवाय चालू कामाची पाहणी करता येते, साहित्याचा प्रमाणित नमुना घेता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर अपील करता येतं. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. तिथे चार प्रश्न विचारा: आमच्या वस्तीसाठी काय मंजूर झालं? अंदाजपत्रक कितीचं? काम कोणाला दिलं? बिल कितीचं निघालं? उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या.

एकट्याने विचारलं तर दमदाटी होते, हे खरं आहे. ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिलं जातं, त्याला तर जास्तच. म्हणून चौघांनी मिळून जा, अर्जाची पोच घ्या. हप्ता निघाल्यावर कोणी वाटा मागितला तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आणि हा नियम आम्हालाही लागू आहे. आमची संस्था देणगीदारांच्या पैशावर चालते. वस्तीवर आम्ही काय खर्च केला, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. हिशेबाची वही तुमच्यासमोर उघडी ठेवू.

नाली सहा इंचांची ठरली असेल तर ती सहा इंचांचीच झाली पाहिजे. सिमेंट ओलं आहे तोवर मोजा. वाळल्यावर फक्त भांडण उरतं.