म्हण कोणाच्या तोंडी?

ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस अंथरुणावर पडून कण्हतो आहे. प्रेमात पडलाय, कोणाच्या, ते सांगायला तयार नाही, आता मरणंच बरं असं त्याने ठरवून टाकलंय. तेवढ्यात त्याचा मित्र पँडरस येतो आणि म्हणींची पोतडी उघडतो. एकट्याने पडणाऱ्याला उचलायला कोणी नसतं, शहाण्यालाही कधी कधी मूर्खाचा सल्ला उपयोगी पडतो, असं बरंच काही. ट्रॉयलस विचारतो की बाबा रे, तुझं स्वतःचं प्रेमप्रकरण आजवर धड जमलेलं नाही, तू मला काय वाट दाखवणार? पँडरस अडत नाही. पाजवायचा दगड स्वतः काही कापत नाही, पण हत्याराला धार त्याच्यामुळेच येते, असं तो ऐकवतो. शेवटी ट्रॉयलस वैतागतो. जुने दाखले पुरे कर, तुझ्या म्हणींनी माझं काही भलं होणार नाही, असं तो म्हणतो.

हा प्रसंग जेफ्री चॉसरने १३८०च्या दशकात लिहिला. ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे त्याचं काव्य आठ हजारांहून अधिक ओळींचं आहे आणि त्यात पँडरसच्या तोंडी म्हणींचा पाऊस आहे. मध्ययुगीन इंग्रजी कविता म्हणजे उपदेश, सुविचार आणि चर्चची घंटा, असा एक समज असतो. म्हणी त्या कवितेत खरोखरच खच्चून भरलेल्या आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक बार्टलेट व्हायटिंग यांनी १९३४ साली नुसत्या चॉसरच्या म्हणींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पण चांगल्या कवीकडे म्हण आली की ती कोण बोलतंय, कोणाला आणि काय पदरात पाडून घेण्यासाठी, हे बघावं लागतं. तिथेच तिची खरी गंमत आहे.

सुरुवात मात्र बोलणाऱ्याचं नाव नसलेल्या म्हणींपासून झाली. दहाव्या शतकात लिहिलेली एक जाडजूड हस्तलिखित पोथी एक्सेटरच्या कॅथिड्रलमध्ये आहे. बिशप लिओफ्रिक १०७२ साली वारला, त्याने ती तिथे दिली. पुढच्या पिढ्यांनी पोथीचे हाल केले. तिच्यावर सुरीने कापल्याच्या खुणा आहेत, कसल्या तरी भांड्याचा गोल डाग आहे, आणि शेवटची पानं जळकी आहेत. याच पोथीत सूक्तींची एक मालिका आहे. तिच्यात वाक्यामागून वाक्य एकाच क्रियापदावर उभं आहे. त्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘असावं’ असाही होतो आणि ‘असतंच’ असाही. राजाने दान द्यावं, की राजा दान देतोच? मराठीत दोन्हींसाठी वेगळी रूपं आहेत, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला दर वाक्याला एक बाजू घ्यावी लागते. जुन्या इंग्रजीत नियम आणि निरीक्षण एकाच शब्दात नांदत होते.

आणि त्या कोरड्या यादीत अचानक एक बाई येते. फ्रिशियाच्या किनाऱ्यावरची, खलाशाची बायको. जहाज परत आलंय. ती नवऱ्याला घरात बोलावते, खाऱ्या पाण्याने मळलेले कपडे धुऊन टाकते, त्याला स्वच्छ कपडे देते. पाठोपाठ लगेच पुस्ती येते की काही बायका वाट पाहतात, आणि काही नवरा लांब गेला की परक्याला जवळ करतात. पुस्ती जोडणारा बहुधा पुरुषच असावा. पण ओल्या कपड्यांचा तो बोळा हजार वर्षांनंतरही डोळ्यांसमोर राहतो, पुस्ती विसरली जाते.

बाराव्या शतकापर्यंत म्हणींना मालक मिळाला. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड ८९९ साली वारला. त्यानंतर अडीचशेच्या आसपास वर्षांनी त्याच्या नावावर एक सूक्तिसंग्रह फिरू लागला, आणि त्यातला प्रत्येक खंड ‘आल्फ्रेड म्हणाला’ अशा थाटात सुरू होतो. बायको रूप पाहून करू नये, पैसा पाहून तर नाहीच, आधी तिच्या सवयी पाहाव्यात. मनातलं सगळं तिला सांगू नये. बिचाऱ्या आल्फ्रेडने यातलं काही म्हटल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे पाऊसपाण्याच्या आडाख्यांना सहदेव-भाडळीचं नाव लागतं, तसंच हे. आडाखा कोणाचाही असो, नाव लागलं की वजन येतं. तेराव्या शतकात हेंडिंग नावाच्या एका मनुष्याच्या नावावर असाच दुसरा संग्रह तयार झाला. त्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक म्हण आणि तिच्यावर हेंडिंगची मोहोर असते. भाजलेलं पोर आगीला भितं, ही त्यातलीच एक. आपण दुधाने पोळतो आणि ताक फुंकतो, एवढाच काय तो फरक. डोळ्यांपासून दूर ते मनापासून दूर, हीही तिथे आहे.

मोठ्या नावाचा आधार घेतला की वाद मिटतो, असं वाटत असेल तर ‘द आउल अँड द नाइटिंगेल’ वाचावं. बाराव्या शतकाच्या अखेरीचं किंवा तेराव्यातलं हे काव्य, सुमारे अठराशे ओळींचं. घुबड आणि बुलबुलासारखा गाणारा नाइटिंगेल पक्षी, अशा दोघी कडाकडा भांडतात. आवाज कोणाचा चांगला, घाण कोण करतं, इथून सुरू झालेलं भांडण प्रेम, लग्न आणि व्यभिचारापर्यंत जातं. आणि दोघीही हुकमाचं पान म्हणून राजा आल्फ्रेडचंच नाव घेतात! एकाच शहाण्या माणसाची साक्ष दोन्ही बाजूंनी. कवीला हा विनोद पुरता कळलेला आहे.

या भांडणातला एक भाग मात्र नुसता विनोदी नाही. घुबडीण म्हणजे काळोखातली, अपशकुनी, रडकी, असा तिच्यावर आरोप आहे. पण नवऱ्याचा मार खाणाऱ्या, घरात उपाशी ठेवल्या जाणाऱ्या, सवतीपायी झुरणाऱ्या बायकांची बाजू तीच मांडते. उलट गाणारी पाखरीण कुमारिकेच्या चुकीला क्षमा मागते आणि विवाहितेला मात्र सुनावते. सोळा आणे सुविचार कोणाच्याच बाजूला पडत नाहीत. शेवटी दोघी निकालासाठी गिल्डफर्डच्या निकोलसकडे उडून जातात, आणि निकाल काय लागला ते कवी सांगतच नाही. या काव्याची दोनच हस्तलिखितं उरली आहेत. त्यातलं एक ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचं, आणि आल्फ्रेडच्या नावावरचा संग्रहही त्याच पोथीत आहे. त्याच ऑक्सफर्डमधून १८९९ साली रेव्हरंड मॅन्वेरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह छापून निघाला. म्हणी गोळा करायची इंग्रजांची हौस जुनीच.

आता पुन्हा चॉसर. बाप दारूचा व्यापारी. स्वतः १३७४ पासून लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर देखरेख करणारा अधिकारी, राहायला शहराच्या ऑल्डगेट वेशीवरचं घर. दिवसभर कानांवर हमाल, खलाशी, सावकार, कारकून यांचं बोलणं. सरदार कशी म्हण वापरतो आणि गिरणीवाला कशी, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एक उदाहरण पुरेसं आहे.

नाइलाजालाच सद्गुण मानून घ्यावं, अशी एक लॅटिनपासून चालत आलेली म्हण आहे. आपल्याकडे तिचं भावंड अगदी चपखल आहे: पदरी पडलं पवित्र झालं. चॉसरने ती तीन ठिकाणी वापरली.

पहिल्यांदा, ‘कँटरबरी टेल्स’ या यात्रेकरूंनी सांगितलेल्या गोष्टींच्या काव्यात, ती बोलतो अथेन्सचा राजा थीसियस. एमिलीसाठी दोन तरुण झुंजले, जिंकलेला आर्सिटा घोड्यावरून पडून मेला, शोकात काही वर्षं गेली. राजा विश्वाच्या रचनेवर एक भव्य भाषण करतो आणि सांगतो की जे टळत नाही ते आनंदाने स्वीकारावं. तेव्हा एमिलीने उरलेल्या पॅलेमनशी लग्न करावं. ऐकताना मन भारावतं. पण चॉसरने आधीच हळूच नोंदवून ठेवलंय की त्या दिवशी दरबारात थीब्जला अंकित ठेवण्याची चर्चा चालू होती. पॅलेमन थीब्जचा. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पोटात राजकारण. एमिलीला कोणी काही विचारत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्यांदा ती बोलते ट्रॉयलसची प्रेयसी क्रिसेड. युद्धकैद्याच्या बदल्यात तिला ग्रीकांच्या छावणीत पाठवायचं ठरलंय. ट्रॉयलस पळून जाऊ म्हणतो. ती त्याला समजावते की धीर धर, नाइलाज गोड मानून घे, दहाव्या दिवशी मी परत येते. हे ती मनापासून बोलते, चॉसरने तिच्या हेतूवर शंका घेतलेली नाही. पण ती परत येत नाही, आणि मागे वळून पाहणाऱ्या वाचकाला तीच म्हण विषासारखी लागते.

तिसऱ्यांदा, पुन्हा ‘कँटरबरी टेल्स’मध्ये, ती एका पक्षिणीच्या तोंडी आहे. चंगीझखानाच्या लेकीकडे, कॅनसीकडे, पाखरांची भाषा कळणारी अंगठी असते. तिला झाडावर स्वतःच्या चोचीने स्वतःला रक्तबंबाळ करणारी बहिरी ससाण्याची मादी भेटते. तिचा नर दूरदेशी निघाला, तेव्हा हिने जाणं अटळ म्हणून नाइलाज गोड मानला, दुःख लपवलं आणि हसून निरोप दिला. तो गेला आणि एका घारीच्या नादी लागला. इथे म्हण ना राजकारण करते, ना वचन देते. ती एका फसवल्या गेलेल्या जिवाची आठवण असते. ही गोष्ट चॉसरने अर्ध्यातच सोडली.

प्रेमाबद्दलची हेंडिंगची ती डोळ्यांआडची म्हणही चॉसरच्या गिरणीवाल्याने सांगितलेल्या ऑक्सफर्डमधल्या गोष्टीत वेष पालटून येते: जवळचा लबाड दूरच्या प्रेमिकाला मागे टाकतो. एकाच बाईवर डोळा असलेल्या दोघांपैकी ॲबसोलन तिच्या खिडकीखाली गळा काढत राहतो. निकोलस नावाचा दुसरा तर तिच्याच घरात भाडेकरू. उघड आहे, बाजी कोणाची ते.

म्हणीचं हत्यार सर्वांत सराईतपणे चालवते ती त्याच यात्रेकरूंमधली बाथची बाई. बारा वर्षांची असताना पहिलं लग्न, एकूण नवरे पाच. पहिले तीन म्हातारे आणि श्रीमंत. त्यांना गप्प बसवायची तिची युक्ती अशी, की बायकांविरुद्धच्या सगळ्या घाणेरड्या म्हणी त्यांच्याच गळ्यात घालायच्या. तू असं म्हणालास, तू तसं म्हणालास! गळकं छप्पर, डोळ्यांत जाणारा धूर आणि भांडखोर बायको, यांनी पुरुष घराबाहेर पळतो, असं म्हणालास ना दारूच्या नशेत? म्हातारा माफी मागायचा. नंतर ती यात्रेकरूंना बिनदिक्कत सांगते की त्यातलं एक अक्षर कोणी बोललं नव्हतं, सगळं खोटं. पाचवा नवरा मात्र तरुण, शिकलेला. तो रोज रात्री शेकोटीपाशी दुष्ट बायकांच्या कथांची पोथी वाचून दाखवतो, वर म्हणींची खिरापत. एके दिवशी ती पोथीची पानं फाडते, तो तिला असा ठोसा देतो की तिचा एक कान कायमचा जातो. सिंहाला मारणाऱ्या माणसाचं चित्र कोणी काढलं, सिंहाने की माणसाने, असा तिचा प्रश्न आहे. म्हणी कोणी रचल्या, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अवतार. तडजोडीत ती पोथी त्याच्याकडूनच जाळून घेते.

चॉसरचा खोडकरपणा इथेच थांबत नाही. ‘कँटरबरी टेल्स’मध्ये वकिलांच्या खाणावळीची खरेदी पाहणारा एक कारभारी आहे. जास्त बोलू नये हे पटवण्यासाठी तो आपल्या आईचा उपदेश ऐकवतो. तोंड आवर, बाळा, या एका मुद्द्यावर ती माउली चाळीसहून अधिक ओळी बोलते.

चॉसरचा मित्र जॉन गॉवर याच्याकडे असा वात्रटपणा नाही. त्याने १३९०च्या सुमारास तीस हजारांहून अधिक ओळींचं प्रेमाच्या कबुलीजबाबाचं काव्य लिहिलं. प्रियकर धर्मगुरूपुढे बसून एकेका पापाचा हिशेब देतो, दाखले ऐकतो. अखेरीस व्हीनस त्याच्या हाती आरसा देते आणि त्यात एक म्हातारा दिसतो. इतके हजारो दाखले जे सांगू शकले नाहीत ते आरशाने सांगितलं. गॉवर ज्या चर्चमध्ये पुरला आहे तिथे त्याच्या पुतळ्याच्या डोक्याखाली उशी म्हणून त्याचीच तीन पुस्तकं आहेत.

पुढे छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने १४७७ साली तत्त्ववेत्त्यांच्या वचनांचं पुस्तक छापलं. भाषांतर अर्ल रिव्हर्सचं. तपासताना कॅक्स्टनच्या लक्षात आलं की बायकांविषयीची सॉक्रेटिसची बोचरी वचनं साहेबांनी गाळली आहेत. एखाद्या सुंदरीच्या सांगण्यावरून गाळली असतील, अशी मिश्कील शंका घेऊन त्याने ती शेवटी वेगळी छापली, म्हणजे ज्याला नकोत त्याने पान फाडून टाकावं! बाथच्या बाईला हे आवडलं असतं.

१६०२ साली टॉमस स्पेटने चॉसरच्या साहित्याची नवी आवृत्ती काढली, तेव्हा म्हणी आणि सुवचनं नोंदवली असल्याची जाहिरात मुखपृष्ठावरच होती. आत समासात छोटे छोटे हात छापलेले, बोट म्हणीकडे रोखलेलं. वाचकाने ओळ टिपून घ्यावी, बोलणारा कोण हे विसरून. चॉसरने ज्या बोलणाऱ्यासाठी इतका खटाटोप केला, तो समासाच्या बाहेर राहिला.

‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’च्या पाचव्या भागात ट्रॉयलसला लढाईत एका ग्रीक योद्ध्याच्या अंगावरून हिसकावलेल्या अंगरख्यावर एक पदकपिन दिसते. क्रिसेड निघाली तेव्हा त्यानेच ती तिला दिली होती. तो पँडरसला गाठून सगळं सांगतो. पँडरस तिचा मामा, हे सगळं जुळवून आणलं त्यानेच. तो दगडासारखा उभा राहतो, मी तिचा द्वेष करतो असं कसंबसं बोलतो, आणि मग याहून अधिक काही मला बोलता येत नाही, असं म्हणून थांबतो. त्यानंतर काव्यात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही.