डब्यातील उपग्रह आणि विद्यार्थ्यांचे अग्निबाण



विद्यादान म्हटले की शाळेची इमारत, वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्त्या डोळ्यांसमोर येतात. त्यांचे मोल मोठेच आहे. परंतु विद्या देण्याचा आणखी एक मार्ग आहे. काल शिकलेला विद्यार्थी आज आपल्याहून धाकट्याला हाताशी धरतो, तो हा मार्ग. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो कसा चोखाळला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या विद्यापीठात २००१ साली विद्यार्थ्यांची 'डेअर' ही अग्निबाण-संस्था स्थापन झाली. आराखड्यापासून उड्डाणापर्यंतची कामे विद्यार्थीच करतात. त्यांचा 'स्ट्रॅटोस' अग्निबाण २००९ साली स्वीडनमधून साडेबारा किलोमीटर उंच गेला. २०१५ साली त्याची पुढची आवृत्ती स्पेनमधून साडेएकवीस किलोमीटरपर्यंत पोहोचली. या विक्रमांचा गाजावाजा झाला. परंतु शालेय मुलांच्या 'कॅनसॅट' स्पर्धेसाठी हेच विद्यार्थी अग्निबाण घडवीत आले, हे कार्य मोलाने तसूभरही उणे नाही.

कॅनसॅट म्हणजे शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात मावणारा नमुना-उपग्रह. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट ट्विग्ज यांनी १९९८ साली ही कल्पना मांडली. पुढे युरोपीय अवकाश संस्थेने ती माध्यमिक शाळांपर्यंत नेली आणि २०१० पासून युरोपीय स्पर्धा भरू लागली. डब्याचे वजन ३०० ते ३५० ग्रॅमच असावे, त्याने उतरताना तापमान व हवेचा दाब मोजून दर सेकंदाला किमान एकदा जमिनीवर कळवावा आणि एकूण खर्च ५०० युरोंच्या आत असावा, असे तिचे नियम होते. नेदरलँड्समधील निवडक संघांचे डबे 'डेअर'च्या अग्निबाणांनी सुमारे एक किलोमीटर उंच नेऊन सोडले.

यात शिक्षण कोठे आहे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर हवाई छत्रीच्या कापडात सापडते. कापड अपुरे पडले तर डबा वेगाने आपटून फुटतो. अधिक झाले तर वारा त्याला दूर वाहून नेतो. शिवाय उतरण्याचा वेग निम्मा करावयाचा तर कापड दुप्पट नव्हे, चौपट लागते. वहीत हे केवळ एक समीकरण असते. येथे मात्र मुलाला कापड बेतावे लागते, शिवण तपासावी लागते, दोऱ्यांना गाठी माराव्या लागतात. सेकंदाला आठ मीटर वेगाने हजार मीटर उतरावयास १२५ सेकंद लागतात. कित्येक महिन्यांच्या श्रमांची परीक्षा अवघ्या दोन मिनिटांत होते, आणि त्या वेळी शिक्षक वा पालक कोणीही मदतीला जाऊ शकत नाही.

परीक्षा धाकट्यांचीच असते असेही नाही. त्यांचे श्रम थोरल्यांच्या अग्निबाणावर स्वार झालेले असतात. अग्निबाण बिघडला तर मुलांचा दोष नसताना डबे गमवावे लागतील, ही जबाबदारी विशी-बाविशीतल्या तरुणांच्या शिरावर असते. त्यांना अपयशही ठाऊक आहे. जुलै २०१८ मध्ये 'स्ट्रॅटोस ३' उड्डाणानंतर सुमारे वीस सेकंदांत आकाशातच विखुरला. संस्थेने कारणांचा शोध घेतला आणि काम पुढे चालू ठेवले. स्वतः अपयश पचविलेल्या तरुणाने 'पुन्हा मोजून पाहा' असे सांगितले, तर सोळा वर्षांच्या मुलाला ते पटते. कारण सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे अंतर चार-पाच इयत्तांचेच असते. यश मिळविण्याची रीत अनेक जण शिकवितात. चूक शोधण्याची रीत मात्र अशा सहवासातूनच अंगी बाणते.

महाराष्ट्रातही अशा तरुणांची वाण नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला सुमारे एक किलोचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी इस्रोच्या अग्निबाणांनी अवकाशात गेला. अशा विद्यार्थ्यांनी जवळच्या एखाद्या शाळेसाठी वर्षातील चार रविवार दिले तरी प्रारंभ होऊ शकेल. अग्निबाण उडविणे हे रीतसर परवानगीचे व तज्ज्ञांच्या देखरेखीचे काम आहे. फटाक्यांच्या दारूचे प्रयोग तर मुळीच नकोत. परंतु पहिल्या धड्याला अग्निबाणाची गरजही नाही. हातभर पातळ कापड, दोरा, वजन भरलेला डबा, शाळेचा सज्जा आणि सेकंद मोजणारे घड्याळ एवढे पुरे. खाली मोकळे मैदान असावे आणि सोबतीला शिक्षक.

डबा किती सेकंदांत उतरला, हे मुलाने स्वतः मोजावे. अंदाज चुकला तर त्यानेच कापड पुन्हा बेतावे. वस्तू देणे सोपे असते. जबाबदारी देण्यास विश्वास लागतो. तो विश्वास नव्या पिढीच्या वाट्याला यावा, एवढीच सदिच्छा.