कारखान्याची विचारपद्धती आणि आपला वर्ग
(जत येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



एका अभियंत्याने शिक्षकांपुढे उभे राहून बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. मुलांना कसे शिकवावे हे मी आपणांस सांगावयास आलेलो नाही. ते आपण जाणता. कारखान्यात काही बिघडले म्हणजे आम्ही कोणत्या क्रमाने विचार करतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. त्यांतील जे आपल्या वर्गात उपयोगी पडेल ते घ्यावे.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली, तेव्हाच्या औंध संस्थानच्या हद्दीत, किर्लोस्करवाडी वसविली. त्यापूर्वी बेळगावात असतानाच त्यांनी लोखंडी नांगर घडविला होता. परंतु लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ‘शेतकरी अडाणी आहेत’ असे म्हणून हा प्रश्न तेथेच मिटविता आला असता. पण त्याने एकही नांगर खपला नसता. कोणाला तरी दोष दिला की मनाचे समाधान होते, मात्र शोध थांबतो. म्हणून आमच्या शास्त्राचा पहिला धडा असा आहे : दोष म्हणजे कारण नव्हे.

दुसरे उदाहरण जपानचे. टोयोटा कारखान्यातील अभियंते तायिची ओनो यांनी ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत रूढ केली. त्यांनी दिलेला दाखला असा : यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळाले नाही. का मिळाले नाही? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का ओढत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा मनुष्य फ्यूज बदलून घरी जाईल, आणि काही दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडेल. पाचव्या उत्तरापर्यंत जाणारा गाळणी बसवील. हे शेवटचे उत्तर कामगाराच्या आळसापाशी थांबत नाही, हे ध्यानात घ्यावे. जेथे आपणांस काही बदल करता येतो, तेथे ते येऊन थांबते.

आता वर्गात येऊ. तिसरीच्या वर्गात ५२ उणे २८ ही वजाबाकी घातली आणि निम्म्या मुलांची चुकली, असे समजा. आपण म्हणतो, ‘हातच्याची वजाबाकी कच्ची आहे,’ आणि तोच पाठ पुन्हा घेतो. अभियंता असे करणार नाही. तो चुकलेल्या पाट्या एकत्र करील आणि उत्तरांप्रमाणे त्यांचे ढीग लावील. एका ढिगात उत्तर ३६ असेल. या मुलांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे; दशक सुटा करावयाचा असतो हेच त्यांना उमगलेले नाही. दुसऱ्या ढिगात ३४ असेल. यांनी दशक सुटा केला, परंतु दशकाच्या घरातून तो कमी करावयाचे राहिले. तिसऱ्यात ८० असेल. यांनी चिन्हच वाचलेले नाही. चूक एकच दिसत होती, पण व्याधी तीन निघाल्या. पहिल्या मुलांच्या हाती काड्यांचे गठ्ठे देऊन ते सोडवून दाखवावे लागतील, दुसऱ्यांना लिहिण्याची शिस्त लावावी लागेल, आणि तिसऱ्यांना केवळ थांबून चिन्ह पाहावयास शिकवावे लागेल. तिघांना एकच पाठ देणे म्हणजे तीन रोग्यांना एकच काढा देणे होय.

आपल्या तालुक्यात आणखी एक ढीग निघण्याचा संभव आहे. येथील अनेक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते. मराठीत आपण ‘बावन्न’ म्हणतो, म्हणजे आधी दोन आणि मग पन्नास. कन्नडमध्ये ‘ऐवत्तेरडु’, म्हणजे आधी पन्नास आणि मग दोन. तोंडी सांगितलेला बावन्न एखादे मूल २५ असा लिहीत असेल, तर त्याची वजाबाकी चुकलेलीच नाही; चुकले आहे ते संख्येचे लेखन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ ही वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. आपल्या वर्गापुरता निर्णय वादाने नव्हे, परीक्षेने करता येईल. तेच उदाहरण एक दिवस तोंडी सांगावे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून द्यावे. बाकी काही बदलू नये. फळ्यावरचे बरोबर आणि तोंडीचे चूक येत असेल, तर कारण सापडले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा आमचा दुसरा नियम.

तिसरा नियम असा, की उपाय आधी लहान प्रमाणावर करून पाहावा, त्याचे फळ मोजावे, आणि मगच तो रूढ करावा. पाच मुलांवर आठवडाभर करून पाहिलेला उपाय फसला तर हानी थोडी होते. मात्र फसलेला उपायही वहीत नोंदवून ठेवावा. ज्या कारखान्यात चुका लपविल्या जातात, तेथे त्या पुन्हा पुन्हा होतात.

कोणी म्हणेल, मूल म्हणजे लोखंड नव्हे. ते अगदी खरे आहे. लोखंड दुखावत नाही, मूल दुखावते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेले मूल परत येते, तेव्हा ज्या दिवसांत हातच्याची वजाबाकी शिकविली गेली, ते दिवस त्याच्या हातून गेलेले असतात. त्याला ‘ढ’ म्हटले की आपला शोध संपतो आणि त्या मुलाची शाळाही हळूहळू संपते. दुष्काळ थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु कोणता धडा त्याच्या हातून गेला हे शोधून तेवढा त्याला देणे निश्चित आपल्या हाती आहे. त्याची गाळणी तेथेच बसवावयाची आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढील परिषदेपूर्वी प्रत्येकाने आपल्या वर्गात एकच उदाहरण घालावे, चुकांचे ढीग लावावे, आणि ते कागद येथे घेऊन यावे. त्यावर मुलांची नावे नसली तरी चालतील. केवळ चुका असाव्यात. आपण सर्व मिळून प्रत्येक ढिगाला ‘का?’ असे विचारू. माझ्या या व्याख्यानापेक्षा ते काम अधिक मोलाचे ठरेल.