अहवाल अजून पॉझिटिव्ह का?

बाह्यरुग्ण विभागातून औषध आणलं, ताप उतरला, बाळ अंगणात खेळू लागलं. दुसरा अहवाल मात्र पुन्हा पॉझिटिव्ह! आईच्या पोटात गोळा येतो. पण हा अहवाल ज्या पीसीआर चाचणीचा असतो, ती विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस नाकात 2-3 आठवडेही सापडतो. फ्लूचा विषाणू निरोगी मोठ्या माणसात साधारण 5 ते 7 दिवस, लहान मुलांत त्याहून जास्त, कारण त्यांच्या शरीराची त्याच्याशी ओळखच नवी असते. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात मात्र तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. असा रुग्ण असलेल्या घरात मास्क कधी काढायचा, ते डॉक्टरांनाच विचारा.