दारू, जुने घाव आणि सावध चित्त



आम्ही हमालांची माणसे. शाळा सातवीतच सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि संपात. मनाच्या दुखण्यावर आम्ही बोलावे हे धाडसच. पण दारूचा अनुभव आम्हांस पुष्कळ आहे, पिण्याचा नव्हे, पिणाऱ्यांचा.

पंचवीस वर्षे आमचा एकच इलाज होता. गडी पिऊन आला की दंड. तिसऱ्या खेपेस टोळीतून बाहेर. येथल्याच एका सभासदाला आम्ही असे काढले. गोदामात सोयाबीनची थप्पी कोसळून त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत पोत्यांखाली गेला, हे आम्हांस ठाऊक होते. भरपाईचा अर्ज आम्हीच लिहिला होता. पण जो जिवंत राहिला त्याच्या घावाला त्या अर्जात रकाना नव्हता. रोज रात्री त्याच्या डोक्यात ती थप्पी कोसळे, आणि झोप यावी म्हणून तो पिई. त्याची बायको येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही तं त्याले टोळीतून काढलं, आता मी कुठं काढू?"

पुण्यास मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने ते १९८६ साली उभे केले. पण तेथे महिनाभराहून अधिक राहावे लागते, आणि रोजंदारीच्या घरात चूल रोज पेटावी लागते. अखेर मोबाइलवर भरणारा एक गट सापडला. आठ माणसे, एक समुपदेशिका, आठवड्यातून एक बैठक. त्याआधी मात्र त्याला रुग्णालयात ठेवले. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. हे काम घरच्या शपथेवर सोडू नये.

गटात शिकवतात ते आपल्याला परके नाही. इगतपुरीस १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली बौद्ध ध्यानाचाच आधार घेऊन रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा क्रम बांधला. तिकडचेच मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट तलफेला लाट म्हणत. तिच्याशी झुंजायचे नाही, तिला शरणही जायचे नाही. ती घशात आहे की छातीत, एवढे पाहत बसायचे. चढते तशी ती उतरते.

पण पहिल्याच बैठकीत आमचा गडी उठून गेला. "डोये मिटले का थप्पीच दिसते," म्हणाला. समुपदेशिकाबाईंनी त्याला डोळे उघडे ठेवायला सांगितले. श्वास राहू द्या, तळपाय फरशीवर टेकले आहेत तेवढे जाणा. घाव बसलेल्या माणसाला डोळे मिटून शांत बसणे कधी कधी उलटते, हे आम्हांस तेव्हा कळले. संपातल्या भाषणांत आम्ही नेहमी उलटेच सांगत आलो: मन घट्ट करा!

घर एका खोलीचे, त्यात नेटवर्क नाही. म्हणून तो संघटनेच्या कचेरीत बसतो, आणि आम्ही तासभर बाहेर पायरीवर, कोणी आत शिरू नये म्हणून. (ज्यांना एवढीही सोय नाही त्यांनी १४४१६ फिरवावा, केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही विनामूल्य सेवा आहे.)

पोळ्याला तो प्यालाच. पुढच्या बैठकीत त्याने ते स्वतः सांगितले. दुसऱ्या टोकाला एका बाईने विचारले, "त्या दिवशी जेवला होतास का?" दंडाचे नावही कोणी काढले नाही.

आमच्या नियमावलीत मात्र दंडाचे कलम अजून आहे, आणि त्याखाली आमचीच सही आहे. ते काढावे असा ठराव आम्ही वार्षिक सभेपुढे ठेवला आहे. शिस्त जाईल, असे दोन जुन्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मतदान पुढच्या महिन्यात आहे.