कुंपणाची राखण



फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर विक्रीस निघाल्याचे उघड झाले. तपासाचा धागा पाहता पाहता महाराष्ट्रात येऊन पोहोचला. अटक झालेल्यांमध्ये एक लातूरचा आणि एक सांगलीचा तरुण होता. रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी बसविलेल्या कॅमेऱ्यानेच त्यांची अब्रू बाजारात नेली. कुंपणाने शेत खावे, तसे हे झाले. त्यासाठी फार मोठी विद्याही लागली नाही. यंत्राचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच, ‘अ‍ॅडमिन१२३’ असा राहिला होता, असे तपासाच्या वृत्तांतून पुढे आले.

कॅमेरा म्हणजे इंटरनेटला जोडलेला एक छोटा संगणक, ही गोष्ट आपल्या घरांत अजून रुजलेली नाही. सिडकोतील वा गारखेड्यातील एखाद्या इमारतीत कॅमेरे बसविणारा येतो, मोबाइलवर चित्र दाखवितो, पैसे घेऊन जातो. परवलीचा शब्द त्याच्या वहीत राहतो! घरातील संगणकाची काळजी घेणारे सुशिक्षित कुटुंबही राउटर, टीव्ही आणि कॅमेरा यांच्याकडे वर्षानुवर्षे ढुंकून पाहत नाही.

अशा बेवारस यंत्रांची फौज उभी करता येते, हे २०१६ साली जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहत असे. कॅमेरे आणि राउटर त्याच्या हाती आपसूक लागत गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या माऱ्याने अमेरिकेत अनेक बड्या संकेतस्थळांची दारे काही तास बंद झाली. मिराई रचणारे कोणी शत्रुराष्ट्राचे हेर नव्हते. ते तीन अमेरिकी तरुण होते आणि त्यांच्या खटाटोपाचे मूळ एका संगणकीय खेळाच्या धंद्यात होते.

या शहराला हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. १९८५मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे उद्योग वाढले. वाहन म्हणजे लोखंड, रबर आणि कारागिराचा हात, असा तो काळ होता. आज वाहनातील संगणकीय भाग एका सामाईक तारेवरून परस्परांशी बोलतात. ही ‘कॅन’ पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८०च्या दशकात विकसित केली. तिच्या मूळ रचनेत, संदेश कोणी पाठविला हे पडताळण्याची सोयच नाही. ब्रेकला आज्ञा मिळते. ती कोणाची, हे तो विचारीत नाही. गाडीला बाहेरची तार नव्हती तोवर हे खपून गेले. २०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी करमणूक-संचातील मोबाइल जोडणीतून शिरकाव केला आणि महामार्गावर धावणारी जीप घरबसल्या मंदावून दाखविली. कंपनीला दुरुस्तीसाठी १४ लाख वाहने परत बोलवावी लागली.

सस्पेन्शन आणि ब्रेक घडविणाऱ्या वाळूजच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजने २०२२मध्ये मॅक्सवेल एनर्जी सिस्टिम्स ही बॅटरी-व्यवस्थापनाची इलेक्ट्रॉनिक्स बनविणारी कंपनी हाती घेतली. येथील अभियंत्याला पोलादाच्या ताकदीइतकीच प्रोग्रॅमच्या ताकदीची चाचणी यापुढे करावी लागेल, ती यामुळेच. युरोपात जुलै २०२४पासून नव्या मोटारींना सायबरसुरक्षेचे नियम बंधनकारक झाले. भारतात कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीची अट एप्रिल २०२५पासून लागू झाली. नियम उशिरा आले, पण आले. मात्र आधीच भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांना ते कसे आवरणार?

तिथे गृहस्थालाच हात घालावा लागतो. बसविणारा घरात असतानाच परवलीचा शब्द स्वतः बदलावा. शयनगृहात कॅमेरा मुळीच नको. नवी स्कूटर घेताना मायलेजबरोबर आणखी एक प्रश्न विक्रेत्याला विचारावा: हिच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती किती वर्षे मिळेल? आणि मोबाइलला जोडलेली जुनी गाडी विकताना कागदपत्रांसोबत ती जोडणीही तोडावी. नाही तर गाडी कुठे उभी आहे, हे जुन्या मालकाच्या मोबाइलवर दिसतच राहू शकते.