गाईची सोयरीक

इगतपुरीचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला डांगी गाय वेगळी सांगायला नको. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके, तेलकट कातडी, टणक काळे खूर. आमच्या पावसात टिकावं ते तिनेच.

लहानपणी आमच्या घरी अशीच एक गाय होती. तिची कालवड गावच्या वळूकडून गाभण राहिली. वासरू झालं, पण पायांवर उभंच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. कुणी म्हणालं, नजर लागली. अब्बा ओट्यावर बसून बोटांवर वर्षं मोजत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा वळू तर तिचा बापच!" सोयरीक जुळवताना आजोळ-पणजोळ विचारणारी आम्ही माणसं. कालवडीच्या वेळी कुणीच काही विचारलं नव्हतं.

ते वासरू कशाने गेलं, हे आज सांगता येणार नाही. पण बाप-लेकीच्या वासरात जनुकांची कुठलीही जोडी एकाच पूर्वजाकडून दुहेरी येण्याचा संभव २५ टक्के असतो. सावत्र भावंडांच्या वासरात साडेबारा. झाकलेला दोष दोन्हीकडून आला की उघडा पडतो. गाभ राहत नाही, दूध घटतं, वासरं दगावतात.

कृत्रिम रेतनातही हा धोका आहेच. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेल्या 'चीफ' या होल्स्टीन वळूच्या १६ हजार लेकी झाल्या. दुधाचा गुण पसरला, त्याबरोबर गर्भ मारणारा एक छुपा दोषही जगभर गेला.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच वाशीममध्ये देशी जनावरांसाठीच्या 'गौ चिप'चं लोकार्पण झालं. तिच्यामुळे जनुकांवरच्या हजारो खुणा वाचता येतात, नोंद नसलेलं नातंही कळतं. डांगीला याची गरज मोठी. बाहेरचं रक्त आणलं तर डांगीपण जातं, एकाच कळपातलं घेत राहिलं तर ताकद जाते. म्हणून इगतपुरी, अकोले, डांग इथल्या बिननात्याच्या कळपांतले वळू अदलून-बदलून वापरायला हवेत.

चिप गोठ्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर वहीचं एक पान पुरे. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वळूचा नंबर आणि रेतनाची तारीख त्यावर लिहा. गावच्या वळूच्या लेकी माजावर यायच्या आत वळू बदला. घोटीच्या बाजारात दात पाहता, तसा बापही विचारा.

त्या वर्षापासून अब्बा गोठ्याच्या दारामागे खडूने प्रत्येक वासराचा बाप लिहून ठेवू लागले. मी पुढे बी.ए. झालो, कविता लिहिल्या. त्या दारामागच्या अक्षरांइतकं उपयोगाचं माझ्या हातून अजून लिहून व्हायचं आहे.